देव एकटा असतो का?
ख्रिस्ती 'त्रैक्य' समजून घेताना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



नाताळच्या दिवसांत आपल्या गटावर एक चित्र फिरत होतं. एका बाजूला त्रिमुखी दत्तमहाराज, दुसऱ्या बाजूला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, आणि खाली ओळ : नावं वेगळी, तत्त्व एकच. पुष्कळांनी हात जोडले. एका ताईंनी मात्र विचारलं, "खरंच एकच आहे का? की आपल्याला तसं वाटतं?" त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. या अंकासाठी लेखनसेवा माझ्याकडे आली तेव्हा तोच प्रश्न घ्यायचं ठरवलं. कारण तो वरवर ख्रिस्ती धर्माबद्दलचा असला, तरी खरा आपल्याबद्दलचा आहे. दुसऱ्याचा देव समजून घेणं म्हणजे काय? त्याला आपल्या देव्हाऱ्यात बसवलं की तो समजला का?

गोव्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा विषय पुस्तकात शोधावा लागत नाही. रस्त्याच्या कडेला खुरीस दिसतो. बसमध्ये चर्चवरून जाताना शेजारी बसलेली बाई कपाळ, छाती आणि दोन खांदे यांना बोटं लावते. ती खूण याच तीन नावांची. बार्देशातल्या नागव्याचं चर्च पवित्र त्रैक्याच्या नावाचं आहे. 'त्रिंदाद' हे आडनाव आपण ऐकतो, त्या नावाचे मोठे गोमंतकीय चित्रकार होऊन गेले. त्या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच त्रैक्य. इतक्या जवळची गोष्ट, पण विचारायला गेलं तर आपल्याला एवढंच ठाऊक असतं की 'त्यांचे पण तीन'. आणि चूक नेमकी तिथेच सुरू होते.

*ते काय म्हणतात?*

ख्रिस्ती माणसाला विचारा, देव किती? तो म्हणेल, एक. यात तडजोड नाही. येशू आणि त्याचे पहिले शिष्य ज्यू होते. देव एकच आहे, हे रोज सकाळ-संध्याकाळ म्हणणाऱ्या घरांत ते वाढले. मग त्रैक्याचा सिद्धांत काय सांगतो? चार गोष्टी एकाच वेळी धरायला सांगतो. देव एकच आहे. पिता पूर्ण देव आहे, पुत्र पूर्ण देव आहे, पवित्र आत्मा पूर्ण देव आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. आणि तरीही हे तीन देव नव्हेत.

शाळेतल्या गणिताला हे पटत नाही हे उघडच आहे. पण हा सिद्धांत कुणी एका दुपारी बसून रचलेला नाही. 'त्रैक्य' हा शब्द बायबलात कुठेच नाही. लॅटिनमधला 'त्रिनितास' हा शब्द या अर्थानं रूढ केला तो उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तेर्तुलियननं, साधारण इसवी सन 200 च्या सुमारास. त्याआधी होता तो अनुभव. शिष्य देवाला बाप म्हणून प्रार्थना करत होते, कारण येशूनं तसं शिकवलं. त्या येशूसमोरही ते गुडघे टेकत होते. आणि येशू गेल्यावर आपल्यात कुणीतरी बळ देतो आहे असं त्यांना वाटत होतं, त्याला ते पवित्र आत्मा म्हणत. अनुभव तीन ठिकाणी आणि श्रद्धा एका देवावर, या दोन्हींतलं काहीही सोडायला ते तयार नव्हते. म्हणून शब्द शोधावे लागले. आधी भक्ती, मग शास्त्र. हा क्रम आपल्या ओळखीचाच आहे.

*भांडण कशावरून झालं?*

चौथ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांचं म्हणणं वरवर पाहता अगदी सरळ होतं. पुत्र मोठा खराच, सगळ्या सृष्टीच्या आधीचा, पण तोही शेवटी देवानं निर्माण केलेला. देव तो देव, पुत्र त्याच्या खालोखाल. यावरून इतका वाद पेटला की बादशहा कॉन्स्टन्टाइननं 325 साली निकिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, धर्मगुरूंची सभा बोलावली. सभेनं ठरवलं की पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे. ग्रीकमध्ये त्यासाठी 'होमोऊसिऑस' हा शब्द वापरला गेला.

पण वाद तिथे मिटला नाही. पुढची पन्नासेक वर्षं पारडं कधी इकडे तर कधी तिकडे झुकत राहिलं. निकियाच्या बाजूनं सर्वांत चिवटपणे उभे राहिले ते अलेक्झांड्रियाचेच अथनासियस. या एका मुद्द्यापायी त्यांना पाच वेळा शहर सोडून परागंदा व्हावं लागलं. शेवटी 381 साली कॉन्स्टन्टिनोपलच्या सभेत पवित्र आत्म्याबद्दलचा भागही भरला गेला, आणि आज बहुतेक चर्चमध्ये म्हणतात तो विश्वासाचा पाठ तयार झाला.

एका शब्दासाठी एवढं कशाला, असं आपल्याला वाटेल. मलाही वाचताना तोच प्रश्न पडला. अथनासियसचं उत्तर मला आपल्या घरगुती भाषेत असं समजलं. समजा लेकरू परगावी दवाखान्यात पडलं आहे. आई भरवशाचा माणूस पाठवते, पैसे पाठवते, डबा पाठवते. त्यात प्रेम आहेच. पण ती स्वतः गाडीत बसून येऊन उशाशी बसते, ती गोष्ट वेगळी. येशू जर निर्माण केलेला कुणीतरी असेल, तर देवानं माणूस पाठवला. येशू जर देवच असेल, तर देव स्वतः आला. क्रुसावरचं दुःख मग देवानं दुसऱ्या कुणावर ढकललेलं राहत नाही, ते त्यानं स्वतः घेतलेलं होतं. अथनासियस ज्याच्यासाठी पाच वेळा घराबाहेर पडले, ते हे. शब्द एकच होता, पण त्यावर सगळं अवलंबून होतं.

आपण ते मानावं असं मी म्हणत नाही. पण ते कशासाठी मानतात हे कळलं, की 'कीस काढत बसले' असं म्हणवत नाही.

*आपले सोपे दाखले, आणि ते कुठे अडतात*

आता आपण ज्या दाखल्यांनी हे समजवायला जातो त्यांच्याकडे पाहू.

पहिला, पाण्याचा. तेच पाणी, कधी बर्फ, कधी वाफ. ऐकायला छान आहे. पण एकच पाणी एकाच वेळी बर्फ, पाणी आणि वाफ असं तिन्ही नसतं. एक रूप टाकून दुसरं घेतं.

दुसरा दाखला आपल्या बायकांचा लाडका. मी एकच, पण मुलांची आई, नवऱ्याची बायको, आईबापांची लेक. तसाच देव एक, नाती तीन. हा दाखला मनाला पटकन भिडतो, म्हणून तो नीट तपासू. मी आई आहे तेव्हाही मीच आहे आणि लेक आहे तेव्हाही मीच आहे. माझ्यातली 'आई' माझ्यातल्या 'लेकी'शी बोलत नाही. पण शुभवर्तमानात येशू बापाशी बोलतो. अटक झाली त्याच रात्री, त्याआधी, गेथसेमनीच्या बागेत तो घामाघूम होऊन प्रार्थना करतो. जॉर्डन नदीत त्याचा बाप्तिस्मा होतो तेव्हा पुत्र पाण्यात उभा असतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि पित्याचा आवाज वरून येतो. तिन्ही एकाच वेळी. देव हा एकच नट आणि सोंगं तीन असतील, तर बागेत तो रडला कुणापुढे? स्वतःशीच? तिसऱ्या शतकात साबेलियस यांच्या नावानं ओळखलं जाणारं मत असंच होतं, एक देव आणि तीन मुखवटे. चर्चनं ते नाकारलं, याच कारणानं. प्रार्थना नाटक ठरेल, प्रेम नाटक ठरेल.

तिसरा दाखला आपला, ब्रह्मा-विष्णू-महेश. इथे तिघांची कामं वाटलेली आहेत. उत्पत्ती, स्थिती आणि लय. काही जण लगेच जोडतात, पिता म्हणजे ब्रह्मा, पुत्र म्हणजे विष्णू, आणि आत्म्यापाशी येऊन अडखळतात. अडखळणारच. ख्रिस्ती शास्त्र सांगतं की देवाची सगळी कामं तिघांची मिळून असतात. सृष्टी पित्यानं केली आणि पुत्रानं नुसती पाहिली, असं नाही. खातेवाटप तिथे नाही.

मग दत्तमहाराज? अत्री-अनसूयेची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. तिन्ही देव सतीच्या दारी आले, बाळ झाले, आणि त्यांचं एकरूप अवतरलं. जे वेगळे होते ते एकत्र आले, हा त्या कथेतला आनंद. ख्रिस्ती त्रैक्यात कुणी एकत्र 'आलेलं' नाही. ते कधी वेगळे नव्हतेच, आणि कधी मिसळूनही जात नाहीत. शिवाय दत्त म्हणजे 'दिलेला'. आपल्या परंपरेत दत्त हे सर्वांत आधी गुरुतत्त्व आहे. गाणगापूर, नरसोबाची वाडी, औदुंबर इथे आपण जातो ते तीन देवांचा हिशेब लावायला नव्हे, गुरूच्या पायांशी बसायला. तीन मुखं आहेत म्हणून दत्त आणि त्रैक्य सारखे म्हणणं, यात त्यांच्यावर तर अन्याय होतोच, आपल्या दत्तावरही होतो.

'व्यक्ती' या शब्दाचीही अडचण आहे. एक देव, तीन व्यक्ती असं मराठीत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तीन वेगळी माणसं येतात, तीन मनं, तीन आधार कार्डं. लॅटिनमधल्या 'पर्सोना' शब्दात तो आजचा अर्थ नव्हता. संत ऑगस्टीननं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्रैक्यावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला, वर्षानुवर्षं लिहीत होता. त्यात तो मोकळेपणानं सांगतो की 'तीन व्यक्ती' असं आपण म्हणतो ते वस्तू पुरती सांगता येते म्हणून नव्हे, अगदीच गप्प राहावं लागू नये म्हणून. हे वाचून मला आपलं 'नेति नेति' आठवलं. जगात कुठेही गेलं तरी देवाजवळ पोचलेली माणसं शब्दांविषयी अशीच सावध होतात.

*मग या सिद्धांताचा गाभा काय?*

दाखले बाजूला ठेवले की एक प्रश्न उरतो. मला वाटतं सगळ्या विषयाचा जीव त्यातच आहे.

सृष्टी नव्हती, माणूस नव्हता, देवदूतही नव्हते, तेव्हा देव कुणावर प्रेम करत होता?

देव प्रेमळ आहे असं सगळेच म्हणतात. पण प्रेमाला दुसरा कुणी लागतो. दुसरा नसेल तर प्रेम करण्यासाठी देवाला जग निर्माण करावं लागलं असं होईल. म्हणजे देवाला आपली गरज होती, जगाशिवाय तो अपुरा होता. हे पटत नाही. नाहीतर असं म्हणावं लागेल की प्रेम हा देवाचा स्वभाव नाही, जग झाल्यावर त्याला लागलेली ती सवय आहे. तेही पटत नाही. त्रैक्याचं उत्तर असं, की देव एक आहे पण एकटा कधीच नव्हता. पिता पित्यासारखा असतो तो पुत्रामुळे, आपल्यामुळे नाही. ऑगस्टीननं एके ठिकाणी त्रैक्याचा ठसा दाखवताना तीन गोष्टी सांगितल्या : प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम आहे तो, आणि ते प्रेम. मग जग कशाला निर्माण झालं? गरजेनं नाही, भरून वाहिलं म्हणून. भरलेल्या घरातून शेजारी ताट जातं, तसं.

पंधराव्या शतकाच्या आरंभी रशियातल्या आंद्रेई रुब्लेव्ह या साधू चित्रकारानं हे रंगात मांडलं. बायबलात अब्राहामाकडे तीन पाहुणे येतात अशी कथा आहे. त्या तिघांना त्यानं एका मेजाभोवती बसवलं. तिघांच्या माना एकमेकांकडे कललेल्या, कुणी बोलत नाही, कुणी मोठा-लहान वाटत नाही. मेजाची आपल्याकडची बाजू मोकळी सोडलेली आहे. पाहणाऱ्याला वाटतं, जागा आपल्यासाठीच ठेवली आहे. सिद्धांत न कळणाऱ्या माणसालाही ते चित्र कळतं.

आता आपल्याकडे पाहू. अद्वैत वेदान्त सांगतो की परब्रह्मात दुसरेपणाच नाही. नातं, प्रेम, देणं-घेणं हे व्यवहारातलं, अंतिम सत्यात भेद मावळतो. म्हणजे 'शेवटी काय आहे?' या प्रश्नाला दोन उत्तरं झाली. एक म्हणतं, शेवटी एकत्व आहे, नातं त्यात विरतं. दुसरं म्हणतं, शेवटी एकत्वच आहे, पण ते एकत्वच नात्याचं आहे. या दोन उत्तरांत खरा फरक आहे. तो कुणाच्या अज्ञानातून आलेला नाही.

आपल्याकडे त्रैक्याच्या जवळ जाणारं काही शोधायचंच असेल, तर मला दत्तमूर्तीपेक्षा ज्ञानेश्वर माउलींच्या अमृतानुभवाचा पहिला अध्याय जवळचा वाटतो. तिथे शिव आणि शक्ती या दांपत्याचं वर्णन आहे. एकमेकांवाचून ज्यांना असणंच नाही, दोन म्हणावं तर दोन नाहीत, आणि एकच म्हणावं तर प्रेमाची गोडी जाते. ते वाचताना क्षणभर वाटतं, हेच तर ते. पण माउली पुढे आपल्याला त्या दोघांच्याही पलीकडे नेतात, जिथे नमस्कार करणारासुद्धा वेगळा उरत नाही. ख्रिस्ती शास्त्र तिथपर्यंत येत नाही. त्यांच्या मते पिता, पुत्र आणि आत्मा यांच्यातलं वेगळेपण कधीच विरत नाही. बरंच अंतर बरोबर चालून दोन वाटा तिथे फुटतात. बरोबर चाललो तेही खरं, वाटा फुटल्या तेही खरं.

*आपल्याच माणसांनी हे कसं पेललं*

या मातीत हा प्रश्न नवा नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा अशी आत्मसात केली की मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते 1616 साली रायतूरला छापलं गेलं. आपल्या ग्रंथांसारखंच ते नमनानं सुरू होतं, आणि दहा हजारांहून जास्त ओव्यांचं आहे. त्यांनी परमेश्वर हा आपला शब्द घेतला, वैकुंठ हाही घेतला. शब्द आपले, आशय वेगळा. हे वाचताना आपल्या मनात दोन गोष्टी येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. भाषेवरचं त्यांचं प्रेम खरं आहे. आणि त्याच शतकात आपली देवळं पाडली गेली, 1560 साली मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला न्यावा लागला, हेही खरं आहे. ज्या सिद्धांताच्या मुळाशी प्रेम आहे असं म्हणतात, तो इथे सत्तेबरोबर आला. आपल्या घरांत ती आठवण आहे, ती पुसा असं कुणी म्हणू नये. पण सत्तेनं केलेल्या पापाचा हिशेब सत्तेशी करावा. विचार समजून घेताना तो विचाराशीच बोलून समजून घ्यावा.

बंगालात केशवचंद्र सेन यांनी 1882 साली त्रैक्यावर व्याख्यान दिलं आणि सत्-चित्-आनंद या आपल्या शब्दांशी त्याचा मेळ घातला. पुढे भवानीचरण बॅनर्जी, म्हणजेच ब्रह्मबांधव उपाध्याय, ख्रिस्ती झाले आणि तरी भगवी वस्त्रं घालून राहिले. त्यांनी 1898 साली सच्चिदानंदाला वंदन करणारं संस्कृत स्तोत्र रचलं. सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे आत्मा. तामिळनाडूत कावेरीकाठी 1950 साली सुरू झालेल्या ख्रिस्ती आश्रमाचं नावही सच्चिदानंद आश्रम आहे. ही माणसं 'सारखंच आहे' म्हणून मोकळी झाली नाहीत. एकेका शब्दापाशी आयुष्यभर बसली.

नाकारणारेही झाले. राजा राममोहन रॉय यांना येशूची नीती फार मोलाची वाटली, त्यावर त्यांनी 1820 साली पुस्तक काढलं, पण त्रैक्य त्यांना पटलं नाही. गंमत अशी की त्यांच्याबरोबर शुभवर्तमानाच्या भाषांतराला बसलेले विल्यम अ‍ॅडम हे मिशनरीच त्यांच्या बाजूला गेले. मग त्यांचे सहकारी त्यांना दुसरा पतित आदम म्हणून चिडवू लागले.

पण मला सर्वांत जास्त आपली वाटते ती पंडिता रमाबाई. संस्कृतात वाढलेली ही विदुषी 1883 साली इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज इथे लहानग्या मनोरमेसह तिनं बाप्तिस्मा घेतला. ती ख्रिस्ती झाली, म्हणजे सगळं मान्य केलं असं आपण धरून चालतो. तसं झालं नाही. तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मिस बील यांच्याशी तिचा जो पत्रव्यवहार आहे, त्यात त्रैक्यावर तिनं कडाडून वाद घातला आहे. मी स्वतः वाचून, विचार करून जे मला पटेल तेच मी म्हणेन. पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं घेणार नाही. असा तिचा सूर आहे. परदेशात, परक्यांच्या आधारावर राहणारी, पदरी लेकरू असलेली विधवा बाई. 'बरं, मान्य' म्हणणं तिला किती सोयीचं होतं! तिनं ते केलं नाही. तिचा धर्मांतराचा निर्णय आपल्याला पटो न पटो, न समजलेल्या गोष्टीला मान न हलवण्याचा तिचा प्रामाणिकपणा आपण शिकण्यासारखा आहे. कारण चित्राखाली हात जोडून आपण नेमकं तेच करतो. न समजलेल्या गोष्टीला मान हलवतो.

*'सगळं एकच' म्हणणं हा आदर आहे का?*

आता कुणी म्हणेल, ताई, कशाला एवढी चिरफाड? संतांनी भेद मिटवायला सांगितलं, तुम्ही भेद दाखवत बसलात. भेद दाखवला की भांडणं होतात. त्यापेक्षा गोडीगुलाबीनं 'एकच' म्हटलेलं काय वाईट?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. 'सगळं एकच' म्हणणारी माणसं कुणाचं घर जाळायला जात नाहीत. त्यामागची भावना चांगली आहे. पण उलट बाजूनं विचार करून पाहा. उद्या कुणी ख्रिस्ती धर्मगुरू प्रेमानं म्हणाले, "तुमचे दत्त म्हणजे आमचं त्रैक्यच हो, फक्त तुमच्या पूर्वजांना ते अर्धवट कळलं होतं," तर आपल्याला कसं वाटेल? आपला दत्त गेला, त्यांच्या देवाची धूसर सावली तेवढी उरली. आपण लगेच म्हणू, तुम्ही आधी आमचं ऐकून तर घ्या. मग आपण त्यांच्याबद्दल म्हणतो तेव्हा वेगळं काय करतो?

न विचारता दुसऱ्याला आपल्यासारखं ठरवण्यात एक छुपा मोठेपणा असतो. त्यात मोजपट्टी आपलीच राहते. भांडणं फरकामुळे होत नाहीत, फरकाबद्दलच्या तुच्छतेमुळे होतात. एकाच आईची दोन मुलं वेगळी असतात म्हणून घर मोडत नाही. 'तू माझ्यासारखा का नाहीस' असं म्हटलं की मोडतं. आणि 'तू माझ्यासारखाच आहेस, गप्प बस' असं म्हटलं तरीही मोडतं, फक्त आवाज न करता.

आमच्या शेजारी एक निवृत्त टीचर राहतात. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या जातात, नाताळाला त्यांच्याकडून दोदोल आणि नेवऱ्या येतात, ताट रिकामं कधी परत जात नाही. हा लेख लिहायचा म्हणून त्यांना विचारलं, टीचर, तुम्ही हे तीन आणि एक कसं समजता? त्या हसल्या. म्हणाल्या, "वहिनी, समजत नाही. मी रोज ती खूण करते. पण एक बघा, आम्ही तीन नावं घेतो, तरी 'नावांनी' म्हणत नाही, 'नावाने' म्हणतो." त्यांना बाप्तिस्म्याचं ते वचन म्हणायचं होतं, ज्यात पिता, पुत्र आणि आत्मा तिन्ही येतात पण 'नाव' हा शब्द एकवचनीच राहतो. लहानपणी व्याकरण शिकवणाऱ्या मास्तरांनी दाखवलं होतं म्हणे. एवढ्या पुस्तकांतून मला जे मिळालं नाही ते एका प्रत्ययात मिळालं. विचारलं म्हणून मिळालं. सांगायला गेले असते तर मिळालं नसतं.

*साधकानं काय घ्यावं?*

साधनेच्या दृष्टीनं मला यातून तीन गोष्टी हाती लागतात.

एक, 'सारखं' हा शब्द शेवटी वापरावा, सुरुवातीला नाही. ओळख झाल्यावर जे सारखेपण दिसतं ते पक्कं असतं. ओळखीआधीचं सारखेपण ही बहुतेक वेळा आपली सोय असते.

दोन, दुसऱ्याचं नीट समजून घेतलं की आपलंही स्वच्छ दिसतं. दत्त म्हणजे गुरुतत्त्व, तीन देवांची बेरीज नव्हे, हे त्रैक्याशेजारी ठेवून पाहिल्यावर जास्त ठळक झालं. आपण ज्याला एक म्हणतो ते एकत्व कसलं, याचा विचार आपणही किती वेळा करतो? रोज 'एकमेवाद्वितीय' म्हणतो आणि पुढे जातो.

तीन, पटलं नाही तर नम्रपणे 'नाही पटलं' म्हणता आलं पाहिजे. ज्यू आणि मुसलमान त्रैक्य मानत नाहीत, ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांतही न मानणारे पंथ आहेत. मीही वेदान्ताच्या छायेत वाढलेली, माझी निष्ठा गुरुचरणी आहे आणि तिथेच राहील. पण देव एकटा असतो का, हा प्रश्न त्या लोकांनी सोळाशे-सतराशे वर्षं जिवापाड सांभाळला, आणि 'नाही, तो प्रेमात असतो' असं उत्तर दिलं. त्या उत्तरापुढे उभं राहून नमस्कार करायला आपला देव सोडावा लागत नाही.

ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता त्यांना माझं उत्तर एवढंच : नाही, एकच नाही. आणि एक नाही म्हणूनच जाऊन ऐकण्यासारखं आहे. तुमच्या शेजारी, कचेरीत किंवा मुलांच्या शाळेत कुणी ख्रिस्ती बंधू-भगिनी असतील तर पुढच्या वेळी नुसतं 'आमचं पण असंच आहे' न म्हणता विचारून पाहा, "तुमच्यात हे कसं?" आणि मग थोडा वेळ गप्प बसा.

काही उणं-अधिक लिहिलं गेलं असेल तर जाणकारांनी अवश्य कळवावं. ही अल्पशी शब्दसेवा श्रीगुरुचरणी अर्पण.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥

— एक सेविका, फोंडा, गोवा